तिथीच्या आकड्यातून वाचता येणारे आकाश

घरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्रत्येक तारखेजवळ बारीक अक्षरांत त्या दिवसाची तिथी छापलेली असते. उपवास, सण आणि मुहूर्त पाहण्यापलीकडे तिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही आणि शाळेत विज्ञानाच्या तासाला तर तिचे नावही निघत नाही. प्रत्यक्षात तिथी हे खगोलशास्त्रातले एक मोजमाप आहे. पृथ्वीवरून पाहताना सूर्याची दिशा आणि चंद्राची दिशा यांच्यात किती अंशांचा कोन आहे, एवढेच ती सांगते. अमावास्या संपते त्या क्षणी हा कोन शून्य असतो. तिथून तो बारा अंशांनी वाढला की एक तिथी पूर्ण होते आणि पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचे असल्यामुळे एका चांद्रमासात तीस तिथी बसतात. शुद्ध पंचमी चालू आहे याचा अर्थ चंद्र सूर्यापासून ४८ ते ६० अंश पूर्वेला सरकला आहे. पौर्णिमा संपते तेव्हा तो बरोबर १८० अंशांवर, म्हणजे सूर्याच्या समोर असतो. हा एक आकडा हाती असला की चंद्राचा आकार, त्याच्या उगवण्याची वेळ, समुद्राच्या भरतीची वेळ आणि ग्रहणाची शक्यता, या सगळ्यांचा अंदाज आकाशाकडे न पाहताही बांधता येतो.

हा कोन वाढतो कसा, ते आधी पाहू. पृथ्वी स्वतःभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्यामुळे सूर्य, चंद्र आणि तारे हे सगळेच रोज पूर्वेला उगवून पश्चिमेला मावळताना दिसतात. ही झाली दैनंदिन गती. तिच्याखाली आणखी दोन संथ गती चाललेल्या असतात. चंद्र पृथ्वीभोवती फिरत असल्यामुळे ताऱ्यांच्या तुलनेत तो दररोज सरासरी १३.२ अंश पूर्वेकडे सरकतो, आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्यामुळे सूर्यही ताऱ्यांच्या तुलनेत दररोज सुमारे एक अंश पूर्वेकडे सरकलेला दिसतो. या दोन्ही गती एकाच दिशेने असल्याने चंद्र सूर्याला रोज सुमारे बारा अंशांनी मागे टाकतो. तिथीसाठी बारा अंशच का धरले, याचे उत्तर इथे मिळते.

याच कारणामुळे चंद्राचे दोन निरनिराळे महिने होतात. एखाद्या ताऱ्याजवळून निघून पुन्हा त्याच ताऱ्याजवळ यायला चंद्राला २७.३ दिवस लागतात. परंतु तेवढ्या काळात सूर्य सुमारे २७ अंश पुढे गेलेला असतो, आणि त्याला गाठायला चंद्राला आणखी दोन दिवसांहून थोडा अधिक वेळ लागतो. म्हणून एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंतचा काळ सरासरी २९.५३ दिवसांचा भरतो. या काळाचे तीस भाग केले तर एक तिथी सरासरी २३ तास ३७ मिनिटांची, म्हणजे दिवसापेक्षा किंचित लहान निघते.

इथे ‘सरासरी’ या शब्दाला महत्त्व आहे. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार असून तो पृथ्वीजवळ असताना वेगाने आणि दूर असताना सावकाश चालतो. त्यामुळे काही तिथी जेमतेम वीस तासांत संपतात, तर काही सव्वीस तासांहूनही लांबतात. दिनदर्शिकेत मात्र सूर्योदयाच्या क्षणी जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाला द्यायची, असा साधा नियम आहे. एखादी आखूड तिथी एका सूर्योदयानंतर सुरू होऊन दुसऱ्या सूर्योदयापूर्वीच संपली, तर तिच्या वाट्याला एकही दिवस येत नाही आणि तिला क्षय तिथी म्हणतात. उलट एखादी लांब तिथी दोन सूर्योदयांना व्यापून राहिली तर तीच तिथी लागोपाठ दोन दिवस छापली जाते. तृतीयेनंतर एकदम पंचमी आलेली पाहून छपाईची चूक झाली असावी, असे अनेकांना वाटते. ती चूक नसते, चंद्राच्या बदलत्या वेगाचा तो हिशेब असतो.

पाठ्यपुस्तकातले चित्र आणि खरे अंतर

पुढे जाण्यापूर्वी एक गैरसमज दूर करायला हवा आणि त्याचे मूळ बहुतेक पुस्तकांतल्या चित्रात आहे. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एकाच पानावर मावावेत म्हणून ते जवळजवळ आणि जवळपास सारख्या आकाराचे काढले जातात. चित्रकाराचा त्यात इलाज नसतो, परंतु असे चित्र मनात ठसले की पुढचे बरेच काही चुकीचे समजते.

त्यासाठी एक हजार किलोमीटरला एक सेंटिमीटर असे प्रमाण धरू. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर आहे, म्हणजे ती साधारण पावणेतेरा सेंटिमीटरच्या, सोललेल्या नारळाएवढी झाली. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर असल्यामुळे तो साडेतीन सेंटिमीटरचे लिंबू ठरतो. आता हे लिंबू नारळापासून किती अंतरावर ठेवायचे, असे वर्गात विचारले तर बहुतेक मुले वीतभर किंवा हातभर अंतर दाखवतात. खरे अंतर सरासरी ३,८४,४०० किलोमीटर आहे, म्हणजे लिंबू जवळजवळ चार मीटर दूर, वर्गखोलीच्या दुसऱ्या टोकाला जायला हवे. सूर्याचा व्यास सुमारे १३ लाख ९२ हजार किलोमीटर आहे, तेव्हा या प्रमाणात तो चौदा मीटर उंचीचा, चार मजली इमारतीएवढा गोळा होईल आणि तो शाळेपासून दीड किलोमीटर अंतरावर उभा करावा लागेल. हे नारळ-लिंबू पुढेही लागणार आहेत.

कला कशामुळे होतात

चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, अशी समजूत मोठ्या माणसांमध्येही पक्की रुजलेली आढळते. ती चुकीची आहे, हे पटवून घ्यायला आकाशच पुरेसे आहे. शुद्ध अष्टमीच्या दुपारी तीन-चार वाजता बाहेर पडल्यास सूर्य पश्चिमेकडे कललेला आणि अर्धा चंद्र पूर्वेच्या आकाशात फिकट पांढरा असे दोन्ही एकाच वेळी दिसतात. पृथ्वीची सावली नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेला पडते आणि त्या वेळी सूर्य डोक्यावरच्या आकाशात असल्याने सावली क्षितिजाच्या खालच्या बाजूला असते. वर दिसणाऱ्या चंद्रावर ती पडणे शक्यच नाही.

खरे कारण अगदी साधे आहे. चंद्राच्या गोलाचा सूर्याकडचा अर्धा भाग नेहमी उजळलेला असतो. त्या उजळलेल्या अर्ध्यापैकी आपल्या बाजूला किती भाग येतो, एवढ्यावर कला ठरते आणि ते सूर्य व चंद्र यांच्या दिशांतल्या कोनावर, म्हणजेच तिथीवर अवलंबून असते. हे स्वतः करून पाहण्याजोगे आहे. वर सांगितलेल्या दुपारी उन्हात उभे राहून एक पांढरा चेंडू हात लांब करून चंद्राच्या दिशेने धरावा. चेंडूचा उजळलेला भाग आणि चंद्राचा उजळलेला भाग यांचा आकार तंतोतंत सारखा दिसतो, कारण दोघांवर एकाच सूर्याचा प्रकाश एकाच दिशेने येत असतो. डोळे मात्र चेंडूकडे आणि चंद्राकडेच असावेत, सूर्याकडे पाहू नये.

शुद्ध द्वितीया-तृतीयेच्या संध्याकाळी कोरीच्या पोटातला उरलेला काळा भागही अंधूकसा दिसतो. त्यावर पडलेला प्रकाश पृथ्वीवरून परावर्तित झालेला असतो. आपल्याला चंद्र बारीक दिसत असताना चंद्रावरून पृथ्वी जवळजवळ पूर्ण उजळलेली दिसत असणार, हे त्यातून कळते. आणखी एक बारकावा आहे. युरोपात काढलेल्या चित्रांमध्ये चंद्रकोर उभी असते, परंतु आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चच्या संध्याकाळी ती दोन्ही टोके वर करून जवळजवळ आडवी पडलेली दिसते. आपण विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे मावळलेला सूर्य त्या दिवसांत कोरीच्या जवळपास सरळ खाली असतो, आणि कोरीची फुगीर बाजू नेहमी सूर्याकडेच असते.

आता उगवण्याची वेळ. पृथ्वी पंधरा अंश फिरायला एक तास घेते, म्हणून सूर्य आणि चंद्र यांच्यातला कोन पंधराने भागला की चंद्र सूर्यापेक्षा किती तास मागे आहे ते मिळते. अमावास्येला दोघे बरोबर उगवतात. शुद्ध अष्टमीला कोन ९० अंशांच्या आसपास असल्याने चंद्र सहा तास उशिरा, दुपारच्या सुमारास उगवतो आणि मध्यरात्री मावळतो. पौर्णिमेला सूर्य मावळतो तेव्हा चंद्र उगवतो. वद्य चतुर्थीला तो सूर्यास्तानंतर आणखी अडीच-तीन तासांनी, म्हणजे नऊच्या आगेमागे वर येतो, आणि संकष्टीचा उपवास करणारी घरे त्याची वाट पाहत असतात. ही वेळ दर महिन्याला सारखी नसते, कारण चंद्राचा आकाशातला मार्ग वर्षाच्या निरनिराळ्या काळात क्षितिजाशी वेगवेगळा कोन करतो. कधी चंद्र सव्वाआठलाच दर्शन देतो, कधी दहा वाजवतो. मुंबई आणि नागपूर यांच्या चंद्रोदयाच्या वेळा वेगळ्या छापाव्या लागतात, यालाही कारण आहे. दोन्ही शहरांच्या रेखांशांत सव्वासहा अंशांचे अंतर आहे आणि त्यामुळे पूर्वेकडच्या नागपूरला सूर्य काय आणि चंद्र काय, साधारण पंचवीस मिनिटे आधी दिसतो.

दर अमावास्येला ग्रहण का नाही

अमावास्येला चंद्र सूर्याच्या दिशेला आणि पौर्णिमेला विरुद्ध दिशेला असतो, तर मग दर पंधरवड्याला ग्रहण का लागत नाही? पुस्तकातल्या चित्राकडे पाहिले तर हा प्रश्न पडायलाच हवा. उत्तरासाठी पुन्हा नारळ आणि लिंबू घेऊ. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी सुमारे ५.१ अंशांनी कललेली आहे. पाच अंश हा कोन ऐकायला किरकोळ वाटतो, पण चार मीटर अंतरावर त्यामुळे लिंबू पस्तीस सेंटिमीटरपर्यंत वर किंवा खाली जाते. नारळाची गडद सावली त्या अंतरावर पोहोचेपर्यंत निमुळती होत जेमतेम नऊ सेंटिमीटर रुंद उरलेली असते. लिंबू बहुतेक वेळा या सावलीच्या वरून किंवा खालून निघून जाते, यात नवल नाही.

ग्रहण लागण्यासाठी अमावास्या किंवा पौर्णिमा अशा वेळी यावी लागते, जेव्हा चंद्र या दोन पातळ्या एकमेकींना छेदतात तिथे, म्हणजे छेदनबिंदूंच्या जवळ असेल. या दोन बिंदूंनाच आपल्या परंपरेत राहू आणि केतू म्हटले आहे. ते ग्रह नाहीत, तिथे कोणतीही वस्तू नाही, दोन वर्तुळे जिथे एकमेकांना छेदतात ती ठिकाणे आहेत. पंचांगकर्त्यांना ग्रहण वर्तवण्यासाठी त्यांचे गणित करावेच लागते. सूर्य या बिंदूंच्या आसपास वर्षातून साधारण दोनदा येतो, म्हणून ग्रहणे सुमारे सहा महिन्यांच्या अंतराने जोडीने येताना दिसतात. छेदनबिंदूही स्थिर नसून उलट्या दिशेने सरकत सुमारे १८.६ वर्षांत एक फेरी पुरी करतात, त्यामुळे ग्रहणांचे महिने वर्षानुवर्षे मागे सरकत राहतात.

चंद्रग्रहण आणि सूर्यग्रहण यांच्यातला मोठा फरकही मापातूनच समजतो. चंद्र पृथ्वीच्या सावलीत शिरला की ज्या ज्या ठिकाणी तो आकाशात आहे, त्या सगळ्या ठिकाणांहून ग्रहण दिसते. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री, भाद्रपद पौर्णिमेला झालेल्या खग्रास चंद्रग्रहणात चंद्र सुमारे ८२ मिनिटे पूर्ण सावलीत होता आणि ढग नसतील तिथे संपूर्ण भारतातून तो पाहता येत होता. सावलीत असूनही तो काळा न होता तांबूस दिसतो. पृथ्वीच्या वातावरणातून वळून जाणाऱ्या सूर्यप्रकाशातील निळा भाग वाटेत विखुरतो आणि लाल भाग चंद्रापर्यंत पोहोचतो. त्या क्षणी पृथ्वीच्या कडेवर जिथे जिथे सूर्योदय आणि सूर्यास्त चालू असतात, त्यांचाच तो रंग असतो.

सूर्यग्रहणात सावली टाकणारा चंद्र लहान असतो. पृथ्वीपर्यंत येताना त्याच्या गडद सावलीचे टोक साधारणपणे फार तर अडीच-पावणेतीनशे किलोमीटर रुंद असते, म्हणजे आपल्या नारळावर जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरचा ठिपका. हा ठिपका ज्या चिंचोळ्या पट्ट्यावरून सरकत जातो, तेवढ्याच पट्ट्यातून खग्रास स्थिती दिसते. सूर्याचा व्यास चंद्राच्या सुमारे चारशे पट आहे आणि योगायोगाने त्याचे अंतरही चंद्राच्या जवळपास तितक्याच पट आहे, म्हणून दोघे आकाशात सारख्या आकाराचे दिसतात. चंद्र पृथ्वीपासून दूर असताना ग्रहण झाले तर त्याची तबकडी सूर्यापेक्षा लहान पडते आणि कडेने तेजस्वी कंकण उरते. २६ डिसेंबर २०१९ रोजी केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडूच्या काही भागांतून असे कंकणाकृती ग्रहण दिसले होते. भारतातून दिसणारे पुढचे खग्रास सूर्यग्रहण २० मार्च २०३४ रोजी काश्मीर-लडाखच्या भागातून दिसेल. कंकणाकृती असो वा खंडग्रास, प्रमाणित सौरचष्म्याशिवाय सूर्याकडे पाहू नये. काजळी लावलेली काच किंवा एक्स-रेची फिल्म चालत नाही.

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा दक्षिण कोकणातून निघून गुंटूर-मछलीपट्टणमकडे गेला होता. विजयदुर्ग किल्ल्यावरून इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी हे ग्रहण पाहिले आणि हेलियमचा शोध लावला, असे मराठीत अनेकदा लिहिले जाते. लॉकयर यांचे ते निरीक्षण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना केलेले होते. ग्रहणाच्या वेळी भारतात, गुंटूर येथे असलेले फ्रेंच शास्त्रज्ञ म्हणजे पिएर जान्सेन. कोकणाचा या ग्रहणाशी संबंध खरा आहे, त्याला चुकीच्या नावाची जोड देण्याची गरज नाही.

भरतीची वेळ आणि तिथीची पाऊणपट

कोकण किनाऱ्यावर तिथीचा सर्वांत रोखठोक उपयोग भरतीसाठी होतो. चंद्राचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या जवळच्या बाजूवर जास्त आणि दूरच्या बाजूवर कमी पडते. या फरकामुळे पाणी चंद्राकडच्या आणि त्याच्या विरुद्ध अशा दोन्ही बाजूंना फुगते, आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने आपला किनारा दिवसातून दोनदा या फुगवट्यांखालून जातो. सूर्यही असाच परिणाम करतो, परंतु तो फार दूर असल्याने त्याचा प्रभाव चंद्राच्या निम्म्याहूनही कमी पडतो. अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघांचे जोर एका रेषेत येतात आणि मोठी भरती येते, तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास दोघांचे जोर काटकोनात असल्याने भरती-ओहोटीतला फरक कमी होतो. तो भांगाचा काळ. उधाणाचा कळस मात्र नेमका पौर्णिमेला न येता बहुधा एक-दोन दिवसांनी येतो.

भरती केव्हा येईल हे सांगण्याचा कोकणातला ठोकताळा असा की तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तेव्हा दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला. पौर्णिमेला हिशेबाने सव्वाअकरा येतात आणि प्रत्यक्षात बाराच्या आसपास भरती असते. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचे. चंद्र दररोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा येतो आणि पन्नास मिनिटे म्हणजे जवळजवळ पाऊण तास, हे त्यामागचे गणित आहे. ठोकताळा मुंबई-कोकणच्या किनाऱ्यापुरताच खरा आहे. किनाऱ्याची रचना आणि समुद्राची खोली यांमुळे दुसऱ्या बंदरांत भरतीची वेळ वेगळी असते, आणि पाण्यात उतरायचे असेल तर छापील भरती-ओहोटीचे वेळापत्रकच पाहावे. पावसाळ्यात साडेचार मीटरहून उंच भरतीच्या दिवसांची यादी मुंबईत दरवर्षी जाहीर होते. त्या दिवसांसमोरची तिथी पाहिली तर ते अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच जमलेले दिसतात. मुसळधार पाऊस आणि असे उधाण एकाच वेळी आले की शहरातले पाणी समुद्रात उतरू शकत नाही.

भरतीमुळे होणाऱ्या घर्षणाचा परिणाम चंद्रावरही होतो. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकावर लेसर किरण सोडून अंतर मोजले जाते, आणि चंद्र आपल्यापासून वर्षाला सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर जात असल्याचे त्यातून समजले आहे. पृथ्वीच्याच अशा ओढीने फार पूर्वी चंद्राचे स्वतःभोवतीचे फिरणेही मंदावले, आणि आता तो स्वतःभोवती आणि पृथ्वीभोवती सारख्याच वेळात फिरतो. म्हणूनच आपल्याला त्याची एकच बाजू दिसते. दुसरी बाजू कायम अंधारात असते, असे मात्र नाही. चंद्रावर जवळजवळ सगळीकडे सुमारे दोन आठवड्यांचा दिवस आणि तेवढीच रात्र होते. चांद्रयान ३ चे विक्रम २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरले, ती निज श्रावणातील शुद्ध सप्तमी होती. त्या ठिकाणी नुकतेच उजाडलेले होते. सौरऊर्जेवर चालणाऱ्या उपकरणांना पुढचे सुमारे चौदा दिवस प्रकाश मिळावा, म्हणून हा काळ निवडलेला होता.

सूर्याचा हिशेब वेगळा

तिथीवरून ऋतू मात्र कळत नाही. ऋतू पृथ्वीच्या कललेल्या आसावर अवलंबून असतात. हा आस कक्षेला लंब असलेल्या रेषेशी सुमारे २३.४ अंशांचा कोन करतो आणि वर्षभर आकाशात एकाच दिशेला रोखलेला राहतो, त्यामुळे कधी उत्तर गोलार्ध सूर्याकडे कलतो, तर कधी दक्षिण गोलार्ध. सूर्य जवळ आला की उन्हाळा होतो, ही समजूत तपासायला एकच गोष्ट पुरेशी आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते, त्या वेळी अंतर सुमारे १४.७ कोटी किलोमीटर असते. जुलैच्या सुरुवातीला ते १५.२ कोटी किलोमीटर होते.

पुण्यात २१-२२ डिसेंबरला भर माध्यान्हीही सूर्य क्षितिजापासून अवघा ४८ अंश वर येतो आणि जमिनीत उभ्या रोवलेल्या एक मीटरच्या काठीची सावली ९० सेंटिमीटर पडते. तिरपा प्रकाश अधिक जागेवर पसरतो, म्हणून ऊब कमी मिळते. त्याच पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी साडेबाराच्या आसपास काठीची सावली नाहीशी होते. मुंबईत हे दोन दिवस नंतर आणि नागपुरात २६ मेच्या सुमारास घडते. महाराष्ट्र आणि गोवा पूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे इथल्या प्रत्येक गावाला असे दोन शून्यछाया दिवस मिळतात. दुसरा दिवस जुलै-ऑगस्टमध्ये येतो आणि बहुधा ढगांआड जातो. दिल्लीला असा एकही दिवस लाभत नाही.

शेतकऱ्याला पावसाशी, म्हणजे पर्यायाने सूर्याशी काम असते. म्हणून पेरणीच्या गप्पांमध्ये रोहिणी, मृग, आर्द्रा ही सूर्याची नक्षत्रे येतात. मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो, कारण ती सूर्याची जागा आहे. कोळी चंद्र मोजतो, शेतकरी सूर्य मोजतो, आणि आपली दिनदर्शिका या दोघांना एकाच चौकटीत बसवण्याची खटपट करते.

ही खटपट सोपी नाही. बारा चांद्रमासांचे ३५४ दिवस होतात, ऋतूंचे वर्ष ३६५ दिवसांचे असते, आणि दरवर्षी जवळजवळ अकरा दिवस कमी पडतात. इस्लामी कालगणना हा फरक भरून काढत नाही, म्हणून रमजान सुमारे तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरतो. आपल्या कालगणनेत ज्या चांद्रमासात सूर्य एकाही नव्या राशीत प्रवेश करत नाही, तो महिना अधिक धरला जातो, आणि असा महिना सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी येतो. गणेश चतुर्थीच्या तारखांवरून हे नीट दिसते. २०२२ मध्ये ती ३१ ऑगस्टला होती. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्याने ती १९ सप्टेंबरला गेली. २०२४ मध्ये ती ७ सप्टेंबरला, तर २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आली, आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे पुन्हा १४ सप्टेंबरला ढकलली गेली.

एक विसंगती तेवढी उरते. आपल्या राशी ताऱ्यांना बांधलेल्या आहेत आणि पृथ्वीचा आस सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरी अशा संथ गतीने घुमतो. परिणामी दिवस मोठा होण्यास २१-२२ डिसेंबरला सुरुवात होऊनही मकर संक्रांत १४-१५ जानेवारीला येते. साधारण सतराशे वर्षांपूर्वी हे दोन्ही एकाच दिवशी येत असत. १९५७ मध्ये स्वीकारलेल्या भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेत वर्षाची सुरुवात वसंतसंपाताच्या, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात त्याच्या, दुसऱ्या दिवशी, २२ मार्चला (लीप वर्षी २१ मार्चला) केली आहे, म्हणजे ती ऋतूंशी बांधलेली आहे. व्यवहारात तिला फारसे कोणी विचारत नाही, ही गोष्ट वेगळी.

चंद्र आणि सूर्य यांचा मेळ किती चांगला बसतो, हे घरच्या घरी पडताळता येते. १९ सौरवर्षांचे जवळजवळ ६,९४० दिवस होतात आणि २३५ चांद्रमासांचेही तेवढेच, फरक काही तासांचाच. २३५ म्हणजे १९ वेळा बारा आणि वर सात अधिक मास. त्यामुळे आपला जन्म ज्या तिथीला झाला, तीच तिथी एकोणिसाव्या वाढदिवशी, फार तर एखाद्या दिवसाच्या फरकाने, पुन्हा येते. २०२५ ची गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २००६ ची जुनी दिनदर्शिका कोणाकडे असेल तर त्यातही ती २७ ऑगस्टलाच सापडेल.